अक्काचा अंगठा आणि हरिसालची वाट

परतवाड्याच्या एस.टी. स्टँडवर मी उतरलो तेव्हा अक्का माझ्या आधीच येऊन बसली होती. डोक्यावरून पदर, पायात रबरी चप्पल, मांडीवर कापडी पिशवी आणि त्या पिशवीत आणखी एक प्लॅस्टिकची पिशवी. त्या दुसऱ्या पिशवीत काय आहे हे मला विचारावे लागले नाही. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, भाऊजींच्या मृत्यूचा दाखला, जातीचा दाखला आणि या सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. वाचकहो, अशी एक पिशवी आपल्या प्रत्येक घरात खुंटीला टांगलेली असते. घराला पाणी लागले तर आपली माणसे आधी लेकरे उचलतात आणि मग ती पिशवी.

अक्का माझी थोरली बहीण. वय सत्तरीला टेकलेले. आयुष्याची पहिली वीस वर्षे निंदण-खुरपण, पुढची दहा-बारा वर्षे वीटभट्टी आणि त्यानंतर गुडघे बोलू लागले म्हणून लोकांच्या घरची धुणीभांडी. भाऊजी गेले त्याला बरीच वर्षे झाली. मुलगा पुण्याला कंपनीत कंत्राटी कामावर आहे. अक्काला निराधार म्हणून दरमहा थोडे पैसे मिळत होते. त्यात तिचे मीठ-तेल, गोळ्या-औषधे निघत. ते पैसे तीन महिन्यांपासून खात्यावर पडले नव्हते. कारण एकच सांगण्यात आले, ‘केवायसी झालेली नाही.’

ही केवायसी करायला अक्का एका केंद्रावर चार वेळा जाऊन आली होती. पहिल्या वेळी मशीन तिचा अंगठा घेईना. दुसऱ्या वेळी लाईन नव्हती. तिसऱ्या वेळी अंगठा राहू द्या, मोबाईलवर नंबर येईल तो सांगा, असे म्हणाले. पण तो नंबर आला पुण्याला! कारण आधार कार्ड काढताना घरात एकच मोबाईल होता आणि तो मुलाचा होता. मुलगा पाळीवर. कंपनीच्या दारावर मोबाईल जमा करून आत जावे लागते. संध्याकाळी त्याने फोन हातात घेतला तोवर त्या नंबरची मुदत केव्हाच संपली होती. चौथ्या वेळी तिने काउंटरवरच्या मुलाला म्हटले, “बाबू, म्या सही करतो ना. मले सही येते.” तो मुलगा म्हणाला, “आजी, सही नाही चालत आता.”

हे सांगताना अक्काचा आवाज जड झाला. मला कारण माहीत होते. साक्षरतेचे वर्ग निघाले होते तेव्हा दिवसभर भट्टीवर राबून अक्का रात्री कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसायची. कशासाठी? तर मजुरीच्या वहीवर अंगठा उठवावा लागू नये म्हणून. अंगठाबहाद्दर हा शब्द तिला शिवीसारखा लागायचा. तीन महिन्यांत ती सही शिकली. पहिल्यांदा वहीवर सही केली त्या दिवशी तिने घरी गुळाचा शिरा केला होता. जो अंगठा सोडून द्यायला माझी बहीण एवढी झटली, तोच अंगठा आज तिला पुन्हा मागत होते आणि तो उमटत नव्हता. तीस वर्षांच्या विटांनी आणि राखेने त्याच्या रेघाच पुसून टाकल्या होत्या.

आम्ही निघालो होतो मेळघाटात. अक्काची मुलगी, माझी भाची, हरिसालच्या पुढे एका ढाण्यावर आरोग्यसेविका आहे. मेळघाटात पाड्याला ढाणा म्हणतात. लेकीला भेटायचे हे कारण खरेच होते. पण अक्काच्या मनात दुसरेही होते. हरिसाल हे डिजिटल गाव आहे, असे तिने कोणाच्या तरी तोंडून ऐकले होते.

“तथी मोठ्या मशिनी असतीन,” ती म्हणाली. “तथी तरी माया अंगठा उमटन.”

धारणीची गाडी लागली. अक्काला खिडकी दिली. मी स्वतः एस.टी.त कंडक्टर होतो. निवृत्त होऊन चार वर्षे झाली तरी गाडीत बसलो की नजर आधी कंडक्टरच्या हाताकडे जाते. पोरगा तरुण होता. त्याने अक्काकडे एकदा पाहिले आणि मशीनमधून अर्धे तिकीट काढून दिले. १७ मार्च २०२३ पासून बायांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. त्यासाठी ना अंगठा, ना नंबर, ना झेरॉक्स. समोर बाई बसली आहे, एवढा पुरावा पुरतो. अक्काने तिकीट कमरेच्या बटव्यात ठेवले आणि हळूच म्हणाली, “पाय, हे कसं सोपं हाये.”

मला माझे दिवस आठवले. आमच्या हातात पत्र्याची तिकीट पेटी असायची. कागदी तिकिटे आणि टकटक वाजणारा पंच. एक दिवस डेपोत बटणांची मशीन आली. पहिले आठ दिवस माझ्या हाताला घाम सुटायचा. चुकीचे बटण दाबले तर पैसे अंगावर येतील ही भीती. एका नव्या पोराने मला शिकवले. त्याने एकदाही मशीन माझ्या हातातून ओढून घेतली नाही. “काका, तुम्हीच दाबा, मी पाहतो,” एवढेच तो म्हणत राहिला. आठ दिवसांत बोटे चालू लागली. ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. या प्रवासात ती पुन्हा आठवायची होती.

परतवाडा मागे पडले की रस्ता चढू लागतो. घटांग येईपर्यंत दोन्ही बाजूंना साग दाटतो. गाडीतली पोरे-पोरी मोबाईलवर घाईघाईने काहीतरी करत होती. शेजारच्या कॉलेजातल्या मुलीला मी विचारले, एवढी घाई कसली? ती म्हणाली, “काका, आता पुढे रेंज जाते. नोट्स उतरवून घेते.” आपण जसे डोंगराआधी बाटलीत पाणी भरून घेतो, तशी ही पोरे घाटाआधी अभ्यास भरून घेत होती. थोड्याच वेळात माझ्या मोबाईलवरच्या काड्या एक-एक करून विझल्या. गाडीतला गलका कमी झाला आणि माणसे एकमेकांशी बोलू लागली.

मेळघाट हा देशातल्या अगदी पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. १९७३-७४ सालचा. सेमाडोह येते तेव्हा सिपना नदी भेटते. मोठमोठे दगड आणि त्यांच्यामधून वाहणारे नितळ पाणी. पाहुण्याला हे सारे फार सुंदर वाटते. पण हेच जंगल, हेच डोंगर मोबाईलच्या लहरी अडवतात. जंगलात टॉवर उभारायला, रस्त्याकडेला तार पुरायला परवानग्या लागतात, वीज लागते. आणि चार घरांच्या ढाण्यासाठी टॉवर उभारणे कंपनीच्या हिशेबात बसत नाही. शहरात एका टॉवरखाली हजारो गिऱ्हाईके असतात, इथे मोजकी. कुठे खर्च करायचा ते हिशेबाची वही ठरवते.

हरिसाल आले. रस्त्यालगत दुकाने, चहाच्या टपऱ्या, रिचार्जच्या पाट्या. वस्ती दीड हजाराच्या आसपास. २०१६ साली राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्ट कंपनी यांनी मिळून हे गाव देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून पुढे आणले. त्यामागची कल्पना चांगली होती. दूरदर्शनच्या वाहिन्यांसाठी राखून ठेवलेल्या लहरींपैकी काही जागा रिकाम्या असतात. त्या रिकाम्या जागेतून इंटरनेट पाठवायचे. या लहरी लांबवर जातात आणि झाडाझुडपांतूनही बऱ्यापैकी वाट काढतात. मग दवाखान्यात बसून शहरातल्या डॉक्टरशी पडद्यावर बोलता येईल, शाळेत पडद्यावर धडे दिसतील, रेशनचा हिशेब मशीनवर होईल, असे ठरले. पुढे २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत राज ठाकरे यांनी आपल्या सभांतून याच गावाचे चित्रण दाखवून, जाहिरातीतले आणि प्रत्यक्षातले हरिसाल एक आहे का, असा प्रश्न केला. मग बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ बोलले गेले. त्या वादात मी पडत नाही. मला टपरीवरच्या बाकावर बसलेली माझी बहीण दिसत होती.

तिने चहावाल्याला सरळ विचारले, “भाऊ, अथी अंगठ्याची मोठी मशीन कोठी हाये?”

चहावाला हसला नाही, हे त्याचे मोठेपण. म्हणाला, “माय, मशीन सगळीकडे सारखीच असते. शहरात जी, तीच इथे. तुमचं काम कशानं अडलं ते पहिले पाहा.”

अक्का गप्प झाली. मला मात्र त्याच्या बोलण्यात सगळे काही आल्यासारखे वाटले. गाव डिजिटल झाले म्हणजे त्या गावातली बाई डिजिटल झाली असे होत नाही. तार गावापर्यंत येते. तारेपासून माणसाच्या बोटापर्यंतचे अंतर कोण तोडणार?

पुढचा रस्ता जीपने आणि शेवटचा टप्पा पायी. भाची वाटेवर घ्यायला आली होती. आईला पाहून तिचे डोळे भरले. ढाण्यावर पंचवीस-तीस घरे, बहुतेक कोरकू. कुडाच्या भिंती शेणा-मातीने सारवलेल्या, अंगणे झाडून लख्ख. संध्याकाळी जेवणाआधी भाची म्हणाली, “मामाजी, चला, तुम्हाला आमचं ऑफिस दाखवते.”

ऑफिस म्हणजे गावामागची टेकडी! वर एक मोहाचे झाड आणि त्याच्या बुंध्याशी दोन सपाट दगड. ढाण्यावर रेंज मिळते ती फक्त इथे. भाची दिवसभर घरोघर जाऊन गरोदर बायांची, लहान लेकरांची माहिती मोबाईलमध्ये भरते आणि संध्याकाळी या दगडावर बसून ती वर पाठवते. कधी पाच मिनिटांत जाते, कधी तासभर चाक फिरत राहते. पावसाळ्यात छत्री धरून बसावे लागते. तिच्या शेजारी दोन पोरे परीक्षेचा अर्ज भरायला बसली होती. एक म्हातारा मुलाशी बोलायला आला होता. मुलगा दूरच्या शहरात बांधकामावर.

२०२० साली करोनाने शाळा बंद झाल्या तेव्हा सिंधुदुर्गात एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी करून अभ्यास केला होता, हे आपण वर्तमानपत्रात वाचले होते. आपण तिचे कौतुक केले आणि ते करायलाच हवे. पण लेकराला शिकायला डोंगर चढावा लागतो यात कौतुक कमी आणि लाज जास्त आहे. ज्याची शाळा मोबाईलवर भरते, त्याच्या घरी मोबाईल आहे का, हे आधी पाहायला नको का? सरकारच्याच २०१७-१८ च्या नमुना पाहणीत खेड्यांतल्या शंभर घरांपैकी जेमतेम चार घरांत कॉम्प्युटर होता आणि पंधरा घरांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हेच आकडे तेवीस आणि बेचाळीस होते. त्यानंतर मोबाईल पुष्कळ वाढले. पण शाळा बंद झाल्या तेव्हा या दोन आकड्यांमधल्या खाईत किती लेकरे पडली असतील, याचा विचार करून पाहावा.

रात्री चुलीपाशी बसून भाचीने जे सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो.

ती म्हणाली, लोकांना वाटते अडचण फक्त टॉवरची आहे. टॉवर ही पहिली भिंत. ग्रामपंचायतींपर्यंत तार नेण्याची योजना केंद्राने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट झाली. पण पंचायतीची कचेरी असते एका गावात आणि ढाणा असतो त्यापुढे दोन ओढे ओलांडून.

दुसरी भिंत घरातली. घरात मोबाईल असतो, पण तो असतो बापाच्या नाहीतर मोठ्या मुलाच्या खिशात. तो मजुरीला गेला की मोबाईलही गेला. बाईच्या नावाची योजना, बाईच्या नावाचे खाते आणि नंबर मात्र नवऱ्याच्या मोबाईलवर. तिने मला एक आकडा सांगितला तो मी लिहून घेतला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायांपैकी फक्त तेहतीस जणींनी आयुष्यात कधीतरी इंटरनेट वापरले होते. पुरुषांत हाच आकडा सत्तावन्न. आणि पन्नाशीच्या पुढची अक्का तर त्या मोजणीतच नव्हती.

तिसरी भिंत भाषेची. कोरकू ही मराठी-हिंदीची बहीण नाही. तिचे नाते झारखंडकडच्या मुंडा, संथाली या भाषांशी. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात. २०११ च्या जनगणनेत सात लाखांवर लोकांनी आपली भाषा कोरकू सांगितली. पण मोबाईलवरचा अर्ज उघडला की तो इंग्रजीत नाहीतर हिंदी-मराठीत. तोही कचेरीच्या मराठीत. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असे पडद्यावर आले की कोरकू बाई घाबरते. आपल्या हातून काहीतरी मोडले, आता दंड होईल, असे तिला वाटते. मला हसू आले नाही. कारण हे शब्द वाचून मराठी शिकलेली अक्काही घाबरली होती.

चौथी भिंत कागदांची. एका कागदावर नाव एक, दुसऱ्यावर दुसरे. हे तर आपल्या घरांत किती! शाळेच्या जुन्या दाखल्यावर बापाच्या नावापुढे एक धर्म-जात आणि लेकराच्या दाखल्यावर बौद्ध. १९९० साली कायदा बदलून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, हे कारकुनाला समजावून सांगता यायचे. कारकून माणूस होता, कधी चिडायचा, कधी ऐकायचा. मशीनला समजावता येत नाही. तिच्या चौकटीत बसले तर बसले, नाहीतर लाल अक्षर.

“आणि पाचवी भिंत, मामाजी, सगळ्यांत उंच,” भाची म्हणाली. “मदत करणारा.”

मला कळेना. मदत करणारा भिंत कसा?

ती म्हणाली, “मी पण आधी तशीच करायची. बाई आली की तिच्या हातातला मोबाईल घ्यायचा, खटाखट दाबायचं, झालं म्हणायचं, परत द्यायचा. माझं काम पाच मिनिटांत व्हायचं. पण पुढच्या महिन्यात तीच बाई पुन्हा यायची. आणि मी नसले की दुसऱ्या कोणाला तरी मोबाईल द्यायची. एकदा एका बाईनं असाच बाजारात कोणाला तरी मोबाईल दिला, आलेला नंबर वाचून दाखवला आणि तिच्या खात्यातली मजुरी गेली. त्या दिवसापासून मी ठरवलं. मोबाईल तिच्या हातातून घ्यायचा नाही. बोट तिचं. मी फक्त शेजारी बसणार.”

मला माझी तिकीट मशीन आठवली, तो डेपोतला पोरगा आठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हे प्रत्यक्ष पाहिले. अंगणात चार बाया जमल्या. भाची त्यांच्याशी कोरकूत बोलत होती. दोन वर्षांत ती कोरकू शिकली आहे. एका तरुण बाईच्या हातात मोबाईल होता. बोट थरथरत होते. चुकीच्या जागी पडले, पडदा बदलला, ती दचकली. भाचीने हात पुढे केला नाही. मागे जायची खूण कुठे आहे तेवढे सांगितले. मोबाईल मोडत नाही, चुकले तर मागे यायचे, हा पहिला धडा. आलेला नंबर कोणालाही मोठ्याने वाचून दाखवायचा नाही, हा दुसरा. पाऊण तास गेला. एवढ्या वेळात भाचीने दहा अर्ज भरले असते. पण त्या बाईने स्वतःच्या बोटाने एक भरला आणि पदर तोंडाला लावून हसली.

अक्का हे सारे पाहत होती. दुपारी तिने आपली पिशवी उघडली. भाचीने सगळे कागद मांडले आणि गाठ सोडवायला बसली. तेव्हा कळले की खरी गाठ दोनच ठिकाणी आहे. अंगठ्यात आणि पुण्याच्या नंबरात.

“आई, तुझ्याजवळ तो बटणांचा मोबाईल आहे ना?”

“हाये. पण तो साधा हाये. त्याच्यात चित्रं दिसत नाई.”

“चित्रं कशाला पाहिजेत? नंबर तर मेसेजनं येतो. साध्या मोबाईलवर पण येतो.”

अक्काने माझ्याकडे पाहिले. मी भाचीकडे पाहिले. चार वेळा केंद्रावर जाऊन आलेल्या माझ्या बहिणीला हे एक वाक्य कोणीही सांगितले नव्हते! तिला वाटत होते, त्यासाठी दहा-बारा हजारांचा मोबाईल लागतो आणि तो आपल्या नशिबात नाही.

मग भाचीने आईला दोन दिवस शिकवले. मेसेज आला की कोणते बटण दाबून उघडायचा. त्यात सहा आकडी नंबर कुठे असतो. अक्षरे अक्काला अडखळत वाचता येतात, पण आकडे पक्के येतात. भट्टीवर हजार विटांचा हिशेब तिने कधी चुकू दिला नव्हता. भाची टेकडीवर जाऊन आपल्या मोबाईलवरून मेसेज टाकायची आणि झाडाखाली बसलेली अक्का तो उघडून आकडे मनात म्हणायची. तिसऱ्या वेळेला भाचीने मुद्दाम विचारले, “आई, कोणता नंबर आला, सांग बरं.” अक्का सांगू लागली. भाचीने तिच्या हातावर हलकेच चापट मारली. “कोणालाच सांगायचा नाही म्हटलं ना! मलाही नाही.”

परतताना आम्ही आधार केंद्रावर गेलो. काय मागायचे ते आता ठाऊक होते. मोबाईल नंबर बदलून अक्काचा स्वतःचा लावा आणि बोटांचे ठसे नव्याने घ्या. त्या दिवशी खुर्चीवर एक शांत मुलगी होती. तिने अक्काला कोमट पाण्याने हात धुवायला लावले, पुसायला लावले. अंगठा उमटला नाही. दुसरे बोट नाही, तिसरे नाही. एक-एक करत डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटावर मशीनने हिरवा दिवा दाखवला. विटा त्या बोटावर कमी घासल्या असतील. बोटे चालतच नसतील तर डोळ्यांची बुबुळे घेता येतात, चेहऱ्यावरूनही ओळख पटवता येते, हेही तिने सांगितले. म्हणजे दारे अनेक होती. आम्हाला एकाच बंद दारापुढे चार वेळा उभे केले गेले होते.

घरी येऊन मी एक बातमी पुन्हा काढून वाचली. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. ॲसिड हल्ल्यात चेहरा जळालेल्या माणसांनी आणि एका अंध व्यक्तीने दाद मागितली होती. केवायसीसाठी कॅमेऱ्यापुढे डोळे मिचकावून दाखवा, असे मशीन म्हणते. ज्यांच्या पापण्याच जळून गेल्या त्यांनी काय करावे? न्यायालयाने सांगितले की या सेवांपर्यंत पोहोचता येणे हा संविधानाच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. अशा माणसांसाठी दुसरे मार्ग उपलब्ध करून द्या, असे आदेशही दिले. मला वाटले, ज्यांचे ठसे कामाने झिजले त्यांची गोष्ट तरी याहून वेगळी कुठे आहे? ज्या हातांनी या देशाच्या विटा थापल्या, त्या हातांना ओळख पटत नाही म्हणून परत पाठवणे हा मशीनचा दोष नव्हे. दुसरे दार आहे हे न सांगणाऱ्या माणसाचा तो दोष आहे.

वाचकहो, आपल्या वस्त्यांत शिकलेली मुले-मुली आता घरोघर आहेत. आठवड्यातून एक संध्याकाळ अभ्यासिकेत नाहीतर अंगणात सतरंजी टाकून त्यांनी बसावे. आयाबायांना सांगावे, आपापला मोबाईल आणि कागदांची पिशवी घेऊन या. कोणाचा नंबर कोणाच्या मोबाईलला जोडला आहे, एवढे जरी तपासले तरी अर्धी कामे सुटतील. आधारची काही शंका असेल तर १९४७ वर विचारता येते. खात्यातून पैसे कोणी लुबाडले तर वेळ न दवडता १९३० वर फोन करावा. हे दोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. आणि शिकवणाऱ्या पोरांनी भाचीचा नियम पाळावा. मोबाईल आजीच्या हातातून घ्यायचा नाही.

महिना-दीड महिन्याने एका दुपारी अक्काचा फोन आला. मागे माणसांचा गलबला. ती बँकेत उभी होती.

“भाऊ, नंबर आला रे! सहा आकडे. म्या माया हातानं टाकला. झालं म्हनते ती बाई.”

“वा अक्का! कोणता नंबर आला होता?” मी सहज विचारून गेलो.

पलीकडे क्षणभर शांतता. मग ती म्हणाली,

“तुले कायले सांगू? कोनालेच सांगाचा नसते तो.”

आणि तिने फोन ठेवून दिला. त्या महिन्याचे पैसे खात्यावर पडले आहेत. मागच्या महिन्यांचे अजून यायचे आहेत. त्यासाठी अर्ज केला आहे. अर्जाखाली अक्काने सही केली आहे.